भोंग्यात गेलेलं नारळाचं पाणी

माझं गाव उदगीरच्या पलीकडं, कर्नाटकाच्या शिवंला लागून. आम्ही लिंगायत वाणी, घरात आई कानडी बोलायची, वडील मराठी बोलायचे, आन् आम्ही भावंडं दोन्हीच्या मधलं कायतरी बोलायचो, ते कोणालाच धड कळत नव्हतं. वडलांचं दुकान म्हनजे काय तर गॅसबत्त्या, लग्नाला, वरातीला, जत्रंला किरायानं द्यायच्या, त्याच्यात रॉकेल भरायचं, पंप मारायचा, जाळी बांधायची, हे सगळं मी दुसरी-तिसरीत असतानाच शिकलो. पुढं गावात लाइट आली आन् बत्त्या कोणी न्यायना, पण वडलांनी काय मनाला लावून घेतलं न्हाई, म्हनले आता डाळी इकू, आन् डाळी इकाया लागले. मीबी तसाच हाय, जे गेलं तेच्या मागं लई पळत न्हाई. कागदावर माझं नाव शिवराज हाय पण लातुरात मला सगळे शिवप्पा मिस्त्री म्हनतात, तुम्हीबी तेच लिव्हा, शिवराज लिहिलं तर कोणाला कळायचं न्हाई.

दहावीला गणितात गेलो तव्हा चुलत्यानं मला नांदेडला नेलं आन् एका उस्तादाच्या हाताखाली घातलं. ऑटो इलेक्ट्रिकचं काम, म्हनजे गाडीत जे जे करंटवर चालतं ते सगळं, दिवे, हॉर्न, स्टार्टर, डायनामो. उस्ताद दखनी बोलायचे, आन् बोलायचे बी कमीच. गाडी आली की आधी बोनेट उघडू द्यायचे न्हाईत, म्हनायचे पैले सुन रे, बाद में हात लगा. स्टार्टर कसा ओरडतो, रिले टिकटिक करतो का कुरकुर करतो, ते ऐकायचं आन् मंग सांगायचं बिघाड कुठं हाय. काय सांगू तुम्हाला, माझा कान असा तयार झाला व्हता की रस्त्यानं जाणाऱ्या ट्रकचा हॉर्न ऐकून मी म्हनायचो, याची अर्थिंगची तार ढिली झाली. माहूरगडावर भाविकांना घेऊन जाणाऱ्या जीपा आमच्याकडं यायच्या, तेंचे ड्रायव्हर मुद्दाम मला बोलवायचे, ऐक रे म्हनायचे, आन् मी ऐकून सांगितलं की बोनेट उघडून खात्री करायचे. बहुतेक बरोबरच निघायचं.

मंग लातूरला येऊन स्वतःचं दुकान टाकलं, पत्र्याचं शेड, बाहेर बॅटऱ्या मांडलेल्या, आत मी. लग्न झालं. मंडळी निलंग्याची, महादेवी तिचं नाव, माझ्यापेक्षा शिकलेली हाय, बारावी. एक दिवस पोलिसाची जीप माझ्या दुकानासमोरच बंद पडली, मी ती चालू करून दिली, तर ड्रायव्हर म्हनाला, मिस्त्री, भोंगाबी वाजंना झालाय, जरा बगा की. मी भोंगा खोलला, कार्बन बदलले, आन् शेडातच लावून बघितला. पत्र्याच्या शेडात, दोन्ही कान उघडे. तिथून ते काम लागलं. पोलिसांच्या गाड्यांचं एक खातं असतंय, तेला सगळे एमटी म्हनतात, तिथून बोलावणं यायला लागलं, पुढं रीतसर कामाचं पत्र मिळालं की गाड्यांचे दिवे, भोंगे, माइक याच मिस्त्रीनं बघायचे आन् महिन्याला तपासून कागदावर सही करायची. कोणत्या जिल्ह्याची एमटी, कोणत्या ठाण्याची गाडी, ते मी सांगणार न्हाई, त्यातली माणसं अजून नोकरीत हायत, तेंना कामून तरास.

लोकांना वाटतं पोलिसाची गाडी म्हनजे बत्ती. बत्तीचं कसं हाय, आधी फिरती बत्ती यायची, आत दिवा जाग्यावरच असतो आन् तेच्याभवती आरसा फिरतो, लोकांना वाटतं दिवाच फिरून राहिला. आरशाचा पट्टा तुटला की बत्ती एकाच बाजूला बघत बसायची. आता टपावर ती लांब पट्टी येती, लाल-निळी, आत बारके बारके दिवे, फिरत कायच न्हाई, नुसतं लुकलुकतं, आन् बिघडलं तर दुरुस्त करू नका, पट्टीच बदला म्हनतात. मधी पुढाऱ्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे बंद झाले, तव्हा दोन दिवस मी नुसते दिवेच उतरवून राहिलो व्हतो. एका पुढाऱ्याचा ड्रायव्हर म्हनाला, मिस्त्री, दिवा टाकू नका, साहेबांनी मागितलाय, आन् तेंनी तो घरी शोकेसात ठिवला म्हनं, ट्रॉफ्यांच्या बाजूला. ठिवू द्या, आपलं काय जातंय. पण खरं सांगू का, दिवसा, आपल्याकडच्या उन्हात ती बत्ती कोणालाच दिसत न्हाई. ऊन डोक्यावर असलं की लाल काय आन् निळं काय. दिवसाचं सगळं काम भोंग्याचं.

आता कानाचं सांगतो. डावा कान कव्हा गेला ते मला कळलंच न्हाई. बोनेटमधी डोकं घालून भोंगा वाजवायचा, दिवसातून दहा येळा, वीस येळा, अशी पंचवीस वर्सं. आधी संध्याकाळचं कानात रातकिडे वराडल्यासारखं व्हायचं, मंग सकाळचंबी व्हायला लागलं. महादेवी म्हनायची मी दोनदा बोलते तव्हा तुमी एकदा ऐकता, मला वाटायचं बायका म्हनतातच असं. एक दिवस फोन डाव्या कानाला लावला तर तिकडून कोणी बोलंना, तीन येळा हॅलो हॅलो केलं, मंग सहज उजव्या कानाला लावला तर तो माणूस मला शिव्या देऊन राहिला व्हता. पुढं उजवाबी निम्मा गेला. डॉक्टरला दाखवलं ते उदगीरला जाऊन दाखवलं, लातुरात कोणीतरी बघितलं असतं. तो म्हनाला नस वाळली, आता ती यायची न्हाई, मशीन लावा.

मशीन लावलं की ते सगळ्या गावाला दिसतंय. भोंगा तपासणारा माणूसच बहिरा म्हनल्यावर झालंच की काम. पोटाचा प्रश्न तर व्हताच, पण खोटं कशाला बोलू, माझी ऐट बी व्हती. एमटीत गेलो की साहेब लोक खुर्ची द्यायचे, म्हनायचे शिवप्पानं सही केली म्हनजे बघायचं काम न्हाई. तर मी न्हाई लावलं मशीन. मी तोंडाकडं बघून बोलणं समजून घ्यायला लागलो, आन् ते मला चांगलं जमलं, फक्त मोठ्या मिशीचा माणूस आला की पंचाईत, मिशी सगळं बोलणं झाकून टाकती, आन् पोलिसात मिशा किती असतात ते तुम्हाला माहीतच हाय. महादेवी दुकानात येऊन बसायला लागली, फोन ती घ्यायची, गिऱ्हाईक काय म्हनतंय ते मला समोर येऊन सांगायची. लोक म्हनायचे, मिस्त्रीचं बरंय, मालकीणबाई दुकान सांभाळतात. तिला एकटीला माहीत व्हतं, दुसऱ्या कोणालाच न्हाई.

मंग मी भोंगा कसा तपासायचो ते ऐका. माझ्याकडं अँपियरचं मीटर व्हतं, काट्याचं. भोंगा जितक्या जोरात वराडतो तितका जास्त करंट ओढतो आन् काटा तितका वर जातो. भोंग्याचा घसा बसलेला असला की काटा खालीच घुटमळतो. उजवा कान धड व्हता तव्हाच मी ताडून बघितलं व्हतं की चांगला भोंगा काट्याला कुठवर नेतो, आन् तिथं काचंवर महादेवीच्या नखपॉलिशनं लाल रेघ मारून ठिवली व्हती. पुढं नव्या धर्तीचे भोंगे आले तव्हा कंपनीच्या कागदावरचा आकडा बघून रेघ सरकवली. काटा रेघंला लागला की सही करायची, न्हाई लागला की भोंगा खोलायचा. त्या मीटरनं मला कव्हाच दगा दिला न्हाई. आन् मीबी कव्हा डोळे झाकून सही केली न्हाई, ती एक सोडली तर.

ती खंडेनवमीची. खंडेनवमीला आपल्याकडं हत्यारं पुजतात, ज्याचं जे हत्यार ते, शिंपी कात्री पुजतो, पोलिस बंदुका पुजतात आन् गाड्याबी पुजतात. मी पाटावर नवं कापड टाकून पक्कड, पाने, टेस्टर आन् मधोमध ते मीटर असं सगळं मांडलं, इभूत लावली, हळदीकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठिवली. आन् एकदा पुजलं की दुसऱ्या दिवशी दसऱ्याची पूजा होईपर्यंत हत्याराला हात लावायचा न्हाई. हे माझ्या घरात आहेच, पण नांदेडला उस्ताद मुसलमान असून तेबी त्या दिवशी पान्याला हात लावायचे न्हाईत, म्हनायचे आज इनको आराम है. एवढ्या वर्सांत मी ते कव्हाच मोडलं नव्हतं.

दुपारी माणिकराव आला. माणिकराव म्हनजे हवालदार, ठाण्याच्या गाडीवरचा ड्रायव्हर, आमची वीस वर्सांची वळख. तेला मिशी न्हाई, म्हनून तेचं बोलणं मला सगळ्यात चांगलं कळायचं, तेला हे कारण माहीत नव्हतं, तेला वाटायचं मिस्त्रीचा आपल्यावर लई जीव हाय. तसा व्हताच म्हना. तेनं सकाळीच ठाण्यात गाडी धुवून पुजली व्हती, पुढच्या जाळीला झेंडूचा जाड हार, बोनेटवर हळदीकुंकवाची बोटं. म्हनाला मिस्त्री, उद्या दसऱ्याच्या मिरवणुकीला गाडी बंदोबस्ताला हाय, महिन्याची सही राहिलीय, सहीबिगर साहेब गाडी काढू देईना. मी म्हनलं माणिकराव, आज हत्यारं पुजलीत. तो म्हनाला हत्यार कशाला लागतंय, वाजवायचं आन् ऐकायचं, एवढंच तर हाय.

मला हत्यारच लागतं, असं कसं सांगू. मीटर तिथंच समोर पाटावर दिसून राहिलं, काचंवर कुंकू. तेनं गाडीत बसून बटण दाबलं. मी पुढं जाऊन बंपरवर तळहात टेकला, भोंगा जाळीच्या मागंच असतोय, हाताला थरथर लागली, बरी लागली. आमच्या गल्लीच्या तोंडाला देवीच्या मंडळाचा मांडव व्हता, तिथं मोठमोठे स्पीकर चालू व्हते, ते तर मलाबी छातीत जाणवायचे. माणिकरावानं काच खाली केली आन् म्हनाला, ह्या मंडळाच्या गोंधळात मला काय कळंना, आवाज कसा हाय. मी म्हनलं, खणखणीत हाय. आन् बोनेटवर कागद ठिवून सही केली.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, भर दुपारी, एका गावात मारामारी झाली म्हनून फोन आला आन् माणिकराव गाडी घेऊन निघाला. बायपासच्या अलीकडं एक चौक हाय, तिथं आडव्या रस्त्यानं एक गुरुजी स्कूटीवर आले, रिटायर माणूस, पुढं आपट्याची फांदी बांधलेली, संध्याकाळी सोनं वाटायला. गाडीची धडक बसली. गुरुजी वाचले, पण मांडीचं हाड मोडलं, दोन ठिकाणी. गुरुजी दवाखान्यात जबाबात म्हनाले, भोंगा वाजलाच न्हाई, वाजला असता तर मी थांबलो असतो. चौकातला पानवालाबी तेच म्हनाला. माणिकराव म्हनाला, ठाण्याच्या दारापासून मी बटण दाबलेलं हाय.

तिसऱ्या दिवशी पंचांसमोर गाडीचा भोंगा लावून बघितला, तर वाजला, चांगला वाजला. पंचांनी तसं लिहून दिलं. आन् नवमीचा माझा कागद व्हताच, भोंगा सुस्थितीत, खाली सही, शिवराज. म्हनजे आधी भोंगा ठीक, नंतर भोंगा ठीक, तर मधल्या दिवशी तो वाजला न्हाई याचा अर्थ एकच, ड्रायव्हरनं वाजवला न्हाई आन् वरून खोटं बोलून राहिला. माणिकरावाला निलंबित केलं, खात्याची चौकशी बसली. तेची नोकरी दोन वर्सं राहिली व्हती. लोक म्हनायला लागले बडतर्फच करतील, मंग पेन्शन बी न्हाई.

चौकशीच्या आधी एमटीवाल्यांनी मला बोलावलं, म्हनले एकदा वायरिंग बघून ठिवा. मी मीटर घेऊन गेलो. गाडी आवारात लिंबाच्या झाडाखाली लावलेली व्हती. बटण दाबून मीटर लावलं तर काटा रेघंच्या जरा अलीकडं थांबला. मला वाटलं बॅटरी उतरली असंल. मंग बघतो तर जमिनीवरून टायरवर, टायरवरून बंपरवर, आन् बंपरवरून जाळीत, मुंग्यांची रांग लागलेली. गाडीत मुंग्या कशाला येतील सांगा. मी भोंगा सोडवून खोलला. आतल्या पातळ पडद्यावर चिकट पिवळट थर वाळून बसला व्हता, तेच्यात मुंग्या चिकटून मेलेल्या, आन् खोबऱ्याचा एक बारका कपचा.

माणिकरावानं पुजेला नारळ फोडला तव्हा पाणी जाळीवर वाहिलं व्हतं. सगळेच वाहतात, माझ्या दुकानात येणारे ट्रकवालेबी वाहतात. ते थेट भोंग्याच्या तोंडात गेलं. नवमीला तो आतून ओला व्हता, दसऱ्याला गुळण्या केल्यासारखा वाजत असणार, गाडीच्या आत बसलेल्या माणसाला काच लावून काय कळणार, आन् तिसऱ्या दिवशी उन्हानं वाळून तेचा गळा सुटला. नवमीला मी मीटर लावलं असतं तर काटा वर चढलाच नसता आन् मला तिथंच कळलं असतं. कान धड असता तर मीटरबी लागलं नसतं. हाताला नुसती थरथर कळती, आवाज निघून राहिला का आतच घुसमटून राहिला ते हाताला काय कळतंय.

आन् मंग मी काय केलं ते सांगतो, हे लिहा. मी फडक्यानं तो पडदा पुसला. कामून पुसला ते मला आजबी सांगता येत न्हाई, हात आपसूक गेला. भोंगा परत बसवला, बटण दाबलं, काटा रेघंला लागला. एमटीचे साहेब आले, तेंनी तोंड हलवलं, मी म्हनलं सगळं ठीक हाय.

घरी येऊन मी जेवलो न्हाई. महादेवीनं इचारलं तर तिला सगळं सांगितलं. ती म्हनली कामाचं पत्र जाईल. मी म्हनलं हाव, जाईल. म्हनली लोक हसतील. मी म्हनलं हसतील. मंग ती बराच येळ भांडी घासत बसली, आन् नंतर हात पुसत माझ्या समोर येऊन, मला दिसेल असं तोंड करून म्हनली, मला सांगून काय उपेग, मला तर दहा वर्सांपासून माहीत हाय, ज्यांना माहीत न्हाई तेंना सांगा. आन् परत कामाला लागली. तिनं मला जा म्हनलं न्हाई आन् जाऊ नका बी म्हनलं न्हाई.

चौकशीला एका खोलीत बोलावलं. टेबलामागं चौकशीचे साहेब, बाजूला लिहून घेणारा, आन् भिंतीजवळ माणिकराव उभा, साध्या कपड्यात. तेला वर्दीशिवाय मी पहिल्यांदाच बघितलं, एकदम कोणीतरी दुसराच वाटला. साहेबांना मिशी व्हती. मी सुरुवातीलाच म्हनलं, साहेब, एक सांगायचं हाय, मला ऐकू येत न्हाई. साहेबांनी लिहिणाऱ्याकडं बघितलं. मी म्हनलं, डाव्या कानानं कायच न्हाई, उजव्यानं थोडं, तेबी तोंड दिसलं तर. नवमीला भोंगा तपासला तो मी ऐकला न्हाई, हात लावून सही केली, हत्यारं पुजलेली व्हती म्हनून मीटर लावलं न्हाई. मंग नारळाच्या पाण्याचं सांगितलं, मुंग्यांचं सांगितलं, मीच पुसलं तेबी सांगितलं, फडकं पिशवीत आणलं व्हतं ते टेबलावर ठिवलं.

साहेबांना खरं वाटंना. तेंना वाटलं जुन्या वळखीच्या माणसाला वाचवायला मिस्त्री सोंग करून राहिला. तेंनी समोरची फाइल उचलली आन् आपल्या तोंडासमोर आडवी धरली. मी फाइलीकडं बघत उभा राहिलो. साहेब बोलून राहिलेत का गप हायत, ते मला कळायला कायच मार्ग नव्हता. लिहिणारा माझ्याकडं बघत व्हता, माणिकराव माझ्याकडं बघत व्हता, आन् मी त्या फाइलीवरचा नंबर वाचत व्हतो. किती येळ गेला कोणास ठाऊक. मंग साहेबांनी फाइल खाली ठिवली आन् लिहिणाऱ्याला लिहून घ्या म्हनून हातानं खुणावलं, ते मात्र मला दिसलं. नंतर कळलं की साहेबांनी तीन येळा मला माझ्या वडलांचं नाव इचारलं व्हतं.

मला बाहेर बसवलं. बाकावर बसून मी रडलो, जास्त न्हाई, पण रडलो. सुटल्यासारखं वाटलं म्हनून का लाज वाटली म्हनून, ते दोन्ही एकातच व्हतं.

पुढं जे व्हायचं ते झालं. माझं पत्र बंद केलं, ते बरोबरच केलं, माझी काय तक्रार न्हाई. माझ्यावर लिहायचं ते लिहिलं. माणिकरावाला चार-पाच महिन्यांनी परत कामावर घेतलं, गाडीवर न्हाई, आत टेबलावर. मला वाटलं व्हतं तो येऊन दोन शब्द बरे बोलंल. तो आला, दुकानाच्या दारात उभा राहिला, आन् मला तुम्ही म्हनणारा माणूस एकदम तू वर आला. म्हनाला, किती वर्सं. मी म्हनलं काय किती वर्सं. म्हनाला, किती वर्सं तू न ऐकता सही करून राहिलास, माझ्या गाडीवर, बाकीच्या गाड्यांवर, आम्ही तुझ्या सहीवर गाड्या पळवल्या, लोकांच्या लेकराबाळांतून पळवल्या. मी मीटरचं सांगायला लागलो, लाल रेघंचं सांगायला लागलो, तर तो म्हनाला, तव्हाच मला का न्हाई सांगितलं, मी काय तुझं नाव गावभर केलं असतं व्हय, एक दिवस थांबलो असतो, मीटर लावलं असतं. आन् निघून गेला. तेचं सगळं बोलणं मला लख्ख कळलं.

गुरुजींना मी घरी जाऊन भेटलो. ते काठी घेऊन चालतात. मी सगळं सांगितलं, तेंनी ऐकून घेतलं, चहा दिला, आन् म्हनले, तुमचं सांगून झालं, आता तुम्हाला हलकं वाटत असंल. मी म्हनलं हाव. तेंनी मान हलवली. मी चहा पिऊन आलो.

आता मी ट्रॅक्टरची, टेंपोची वायरिंग करतो. शेड तेच हाय, भोंगा न्हाई. माणिकराव रिटायर झाला आन् एक दिवस आपणहून येऊन बसला, जसं मधी कायच झालं नव्हतं. येत ऱ्हायला. मंग एकदा वैतागून म्हनाला, तुझ्याशी वराडून माझा घसा गेला, चल, आन् मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेला, दोन-तीन चकरा मारल्या, कागदं तेनंच भरली, आन् हे बगा, हे मशीन बसवून दिलं. परवापरवाचीच गोष्ट हाय. पहिल्या दिवशी तर भांड्यांचा आवाज, पंख्याचा आवाज, महादेवीच्या बांगड्यांचा आवाज, मला वाटलं ह्या बाईनं एवढी वर्सं हे कसं सहन केलं असंल.

दुकानात दोघं बसलो व्हतो, आन् समोरून पोलिसाची गाडी गेली, भोंगा वाजवत. माझ्या हातातला चहा सांडला. मी उठूनच उभा राहिलो. तुम्हाला सांगतो, हे नवे भोंगे मी आठ-नऊ वर्सं बसवले, शेकड्यानं तपासले, सह्या केल्या, आन् तेंचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. मला वाटायचं जुन्या भोंग्यासारखाच असंल, सावकाश चढत जाणारा. तसा न्हाई तो. तो अंगावर धावून येतो. पायच हलत न्हाईत, आन् आपसूक माणूस जिथल्या तिथं थांबतो.

मला एवढंच वाटलं की हा आवाज त्या दिवशी त्या चौकात गुरुजींच्या कानात जायला पायजे व्हता. बाकी काय न्हाई वाटलं. चला, ऊन उतरलंय, तुम्हाला लांब जायचं हाय. सावकाश जा, आन् रस्ता बघून ओलांडा.